‘उपद्रवी’ प्राणी आणि उसळती गोळी : दोन संज्ञांची चिकित्सा

परिभाषेचा प्रश्न हा बहुधा सोयीचा प्रश्न समजला जातो. एक शब्द गैरसोयीचा ठरला तर दुसरा घ्यावा, एवढेच त्याचे महत्त्व, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु काही विषय असे असतात की, तेथे चुकीच्या प्रतिशब्दाची किंमत प्राणिमात्रास जिवानिशी मोजावी लागते. शेतीस उपद्रव देणाऱ्या प्राण्यांसाठी वापरावयाची लहान व्यासाची गोळी हा असाच एक विषय होय.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरचे नाव दारूगोळ्याच्या कारखान्याशी जोडलेले आहे. तेथे स्फोटके व प्रणोदके तयार होतात. बंदुकीची काडतुसे महाराष्ट्रात खडकी व वरणगाव येथे बनतात. तथापि जवाहरनगरच्या आसपासच्या शेतकऱ्यास गोळीचा विचार करावा लागतो तो कारखान्यामुळे नव्हे, रानडुकरांमुळे. धानाच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव यांच्या या प्रदेशात रानडुकरांचे कळप एका रात्रीत उभे पीक लोळवून टाकतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे सक्षम अधिकाऱ्याची परवानगी असल्याविना या प्राण्यास मारता येत नाही. परवानगी मिळाल्यावर मात्र गोळी कोणती, हा प्रश्न उभा राहतो आणि येथेच भाषेची अडचण सुरू होते.

अमेरिकेत ‘व्हार्मिंट’ गोळी या नावाचा एक वर्ग प्रसिद्ध आहे. मराठीत त्याचा प्रतिशब्द ‘उपद्रवी प्राण्यांसाठीची गोळी’ असा सहज सुचतो. ‘व्हार्मिंट’ हे ‘व्हर्मिन’ या शब्दाचे बोलभाषेतील रूप असून त्याचे मूळ किडा या अर्थाच्या ‘व्हर्मिस’ या लॅटिन शब्दात आहे. लहानपणाचा हा मूळ भाव त्या गोळीच्या घडणीत अद्याप शिल्लक आहे. प्रेअरी डॉग हा प्राणी जेमतेम किलोभर वजनाचा, वुडचक फार तर पाचसहा किलोंचा. अशांसाठी १९३५ चे .२२० स्विफ्ट, १९५० चे .२२२ रेमिंग्टन, १९६४ चे .२२३ रेमिंग्टन ही काडतुसे वापरली जाऊ लागली. त्यांतील गोळीस तांब्याचे अतिशय पातळ कवच, आत मऊ शिसे आणि टोकास पोकळी किंवा प्लास्टिकची टोपी असते. सुमारे ३.६ ग्रॅम वजनाची ही गोळी सेकंदास ९९० मीटरच्या आसपास वेगाने जाते आणि कशासही आदळताच तिचे तुकडे तुकडे होतात.

आमच्याकडे ‘उपद्रवी’ म्हटले की डोळ्यांपुढे येते ते रानडुक्कर. प्रौढ नराचे वजन शंभर किलोंपर्यंत व त्याहूनही अधिक भरते. खांद्यावर जाड, चिवट कातड्याची ढालच असते. पातळ कवचाची गोळी तिच्यावरच फुटते, मर्मस्थानापर्यंत पोहोचत नाही. जनावर जखमी होऊन झुडपांत शिरते, यातना भोगते आणि सकाळी शेतावर येणाऱ्या माणसावर उलटते. शब्दशः बिनचूक असलेले भाषांतर अशा रीतीने व्यवहारात घातक ठरते.

दुसरा फसवा शब्द ‘लहान’ हा होय. .२२ आणि .२२३ यांच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच, ५.६ ते ५.७ मिलिमीटर. परंतु .२२ लाँग रायफल या काडतुसातील २.६ ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदास ३३० मीटर वेगाने निघते, तेव्हा तिची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल असते. वर वर्णिलेल्या वेगवान गोळीची सुमारे १७६०, म्हणजे बारा पटींहून अधिक. यावरून दुबळी गोळी निर्धोक असे अनुमान स्वाभाविकपणे निघते. उसळण्याच्या बाबतीत ते उलटे आहे. मंद गतीची, भरीव शिशाची गोळी जमिनीस लागून क्वचितच फुटते. ती सबंधच्या सबंध उसळते व कोलांट्या घेत दूर जाते. वेगवान भंगुर गोळी पुष्कळदा तेथेच चूर होते. सरळ गेलेली .२२ ची गोळीही एक मैलाहून अधिक अंतरापर्यंत धोकादायक असते, हेही विसरता कामा नये.

उसळण्याचे मुख्य कारण म्हणजे आघाताचा कोन. पाण्यावर चपटा दगड टप्पे घेतो, तसाच गोळाही घेतो. गोलाकार वस्तूसाठी जुना व मान्य नियम असा की, १८ या संख्येस वस्तूच्या सापेक्ष घनतेच्या वर्गमुळाने भागले असता जितके अंश येतात, त्याहून कमी कोनात वस्तू पाण्यावरून उसळते. शिशाची घनता ११.३ धरल्यास हा कोन सुमारे ५.४ अंश येतो. लांबट, फिरत्या गोळीस हे गणित तंतोतंत लागू पडत नाही. परंतु कल्पना येण्यास ते पुरेसे आहे. दीड मीटर उंचीवर बंदूक धरून तीस मीटरांवरील पाणी भरलेल्या बांधीत गोळी मारली तर कोन होतो २.९ अंश, म्हणजे उसळण जवळजवळ निश्चित. तीच गोळी चार मीटर उंच मचाणावरून मारल्यास कोन ७.६ अंश होतो. खडक किंवा सिमेंट यांवर आदळलेली गोळी बहुधा पृष्ठभागाला लगटूनच निघते. म्हणून तेथे धोका माणसाच्या उंचीचाच असतो.

यावरून निवडीचे तत्त्व सांगता येते. लहान प्राण्यासाठी भंगुर गोळी योग्य. ती उसळण्याचा संभव कमी करते, नाहीसा करीत नाही, कारण अंतर वाढता वेग ओसरतो व ती न फुटताही निघू शकते. रानडुकरासाठी अधिक वजनाची, सावकाश पसरणारी गोळी हवी. पण ती सहज फुटत नाही, म्हणून आरपार जाण्याचा व उसळण्याचा धोकाही पत्करावा लागतो. तेव्हा अखेरचा भरवसा गोळीवर नव्हे, लक्ष्यामागील मातीवर ठेवावयाचा. गुडघाभर उंचीचा धुरा आडव्या नेमास पुरत नाही. मचाणावरून पुरेशा तीव्र कोनात खाली रोखलेल्या नेमासच मऊ जमीन पुरू शकते. समोर पाणी, दगड, रस्ता किंवा न दिसणारा अंधार असेल तर बार न काढणे हेच योग्य.

परिभाषेपुरते बोलावयाचे तर वर्गीकरण प्राण्यावरून न करता घडणीवरून करावे, अशी माझी सूचना आहे : ‘भंगुर’, ‘प्रसरणशील’, ‘पूर्णकवची’ आणि ‘भरीव’ गोळी. आघातानंतरच्या क्रियेस ‘उसळण’ हा साधा शब्द पुरे. ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून व ‘दारू’ फारसीतून घेऊन मराठीने या व्यवहाराची गरज एकदा भागविली आहे. आता वस्तूचा गुण सांगणारा शब्द घडविणे तिला अवघड जाऊ नये. कारण गोळी कोणासाठी आहे हे सांगणाऱ्या नावापेक्षा ती आदळल्यावर काय करील हे सांगणारे नाव शेतातल्या माणसास अधिक उपयोगी पडेल.