समोर होते किती?

सोयाबीनची मळणी आटोपली आणि तुरीला शेंगा धरू लागल्या, म्हणजे वाशीम जिल्ह्यातील कित्येक गावांत शाळेमागची अथवा पाराजवळची मोकळी जागा खोदून भुसभुशीत केली जाते. तिच्यातले खडे वेचले जातात, पाण्याचा शिपका मारून माती बसवली जाते, आणि फक्कीच्या पांढऱ्या रेषांनी १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असे कबड्डीचे मैदान काळ्या मातीवर उमटते. रात्री दिवे लागतात, खेळाडूंची वजने काट्यावर घेतली जातात, कर्ण्यावरून दोन्ही गावांची नावे पुकारली जातात, आणि पहिली चढाई होण्यापूर्वीच भोवती दाटीने उभ्या असलेल्या माणसांत एक वाद सुरू होतो. तो असा, की या संघाचा रेडर, म्हणजे चढाईपटू, श्रेष्ठ की त्या संघाचा.

हा वाद मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पारावर ऐकला, एसटीच्या थांब्यावर ऐकला, पानटपरीपुढे ऐकला, आणि एकदा तर तेरवीच्या पंगतीतही दबक्या आवाजात चाललेला ऐकला. रिकाम्या वेळेचा चाळा म्हणून त्याकडे पाहणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तो नेहमीच एखाद्या रीतसर मुकदम्यासारखा वाटत आला आहे, कारण त्यात दोन पक्ष असतात, साक्षी असतात, दाखले असतात, आणि कोणता पुरावा ग्राह्य धरावा व कोणता फेटाळावा याविषयी एक अलिखित परंतु अत्यंत कडक असा कायदाही असतो. फिर्यादी म्हणतो, ‘आमच्या गड्यानं काल बारा आनले.’ प्रतिवादी म्हणतो, ‘आमच्यानं पंधरा.’ आकड्यावर आकडा चढत जातो, आवाज वाढत जातात, आणि मग घोंगडी पांघरून कडेला बसलेला कोणी वयोवृद्ध माणूस, ज्याने आपल्या तारुण्यात याच मातीत गुडघे फोडून घेतलेले असतात, शांतपणे विचारतो, ‘गुन ऱ्हाऊ दे बापा. समोर होते किती, ते सांग.’

चढाईचे खरे मोल ठरवण्याची किल्ली या एका प्रश्नात आहे, आणि ती कशी आहे हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

तत्पूर्वी या वादाच्या भूगोलाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला आणि वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांत तो विभागलेला आहे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा महाराष्ट्राच्या वाट्याला यू मुंबा आणि पुणेरी पलटण हे दोन संघ आले. विदर्भाचा असा संघ त्यात नाही. त्यामुळे आमच्याकडील मनुष्याला आपली निष्ठा गावाच्या शिवेवरून ठरवता येत नाही. ज्याचा भाऊ चाकण-पिंपरीच्या कारखान्यात कामाला आहे तो पलटणचा होतो, ज्याचा मामा मुंबईस आहे तो यू मुंबाचा, आणि एकाच घरात थोरला एका बाजूस व धाकटा दुसऱ्या बाजूस असे चित्रही दुर्मीळ नाही. गावाच्या संघाची बाजू घेण्यास कारण लागत नाही. परंतु दूरच्या शहराच्या संघाची बाजू घ्यावयाची तर कारण द्यावे लागते, आणि म्हणूनच, मला वाटते, आमच्याकडे या वादाला युक्तिवादाची इतकी धार आली.

आता चढाईकडे वळू. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून, दम न तोडता, परक्या हद्दीत शिरतो, आणि ३० सेकंदांच्या आत त्याला परतावे लागते. रिकाम्या हाताने परतण्याची मुभा आहे, परंतु मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असलेली निदान रेषा त्याने ओलांडली पाहिजे. तिच्या पलीकडे आणखी एक मीटरवर बोनस रेषा असते, आणि तेथवर जाऊन नियमाप्रमाणे पाय टेकल्यास एक गुण मिळतो खरा, पण समोर सहा किंवा त्याहून अधिक रक्षक उभे असतील तरच. समोर पूर्ण सात जण असले म्हणजे दोन्ही कोपरे बंद असतात, मधली माणसे हातात हात गुंफून साखळी धरतात, आणि एका पायाचा घोटा कोपऱ्यातल्या गड्याच्या हाती सापडला की उरलेले सहा जण क्षणार्धात अंगावर कोसळतात. त्या सातांतून एक गुण आणणे आणि समोर दोघेच उरले असताना मोकळ्या मैदानात धाव घेऊन एकाला शिवून येणे, या दोन कृत्यांची गुणपत्रकावर नोंद सारखीच होते. पाहणाऱ्याच्या मनात ती सारखी होता कामा नये. यातही एक पोटकलम आहे. रक्षक तीन किंवा त्याहून कमी उरले असता त्यांनी पकड साधली, तर प्रो कबड्डीत त्यांना एकाऐवजी दोन गुण मिळतात. म्हणजे समोर माणसे कमी असणे ही सोय असली तरी ती फुकटची नव्हे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. आणि अशी तिसरी चढाई जो मागून घेतो त्याचे चार गुण इतरांच्या आठांना भारी पडतात, असे माझे ठाम मत आहे.

‘समोर होते किती’ या कसोटीला पूर्णतः उतरणारा एक दाखला प्रत्येक पारावर दिला जातो. २०१७ सालच्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सच्या परदीप नरवालने हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात चढाईचे ३४ गुण मिळवले, आणि त्या सामन्यातल्या एकाच चढाईत संघाला आठ गुण मिळाले. समोर सहा जण होते. सहाही बाद झाले, आणि अख्खा संघ बाद झाल्याने लोण चढल्याचे दोन गुण वर मिळाले. त्या हंगामात त्याचे चढाईचे एकूण गुण ३६९ झाले. पुढे २०१९ मध्ये, योगायोगाने त्याच हरियाणाविरुद्ध, बंगळूरू बुल्सच्या पवन सेहरावतने एका सामन्यात ३९ गुण नोंदवले, आणि तेव्हापासून तरुण पोरे मोबाइल पुढे करून म्हणतात की चौतिसाहून एकोणचाळीस मोठे, फैसला झाला. म्हातारी माणसे मान हलवतात. त्यांच्या लेखी एकोणचाळीस गुणांचा ढीग हा एक प्रकारचा ऐवज आहे आणि सहाच्या सहा जणांतून एका दमात परतणे हा दुसऱ्या प्रकारचा. दोहोंचे वजन एका ताजव्यात होत नाही.

हाच पेच सातासमुद्रापलीकडच्या एका खेळातही आहे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात त्या खेळात ‘रनिंग बॅक’ नावाचा एक गडी असतो. चेंडू काखेत दाबून प्रतिपक्षाच्या भिंतीतून वाट काढीत धावणे हे त्याचे काम, आणि आपल्या चढाईपटूशी त्याचे नाते जगातल्या कोणत्याही खेळाडूपेक्षा जवळचे आहे. तेथील शौकीन गेली कित्येक वर्षे डॅलसचा एमिट स्मिथ श्रेष्ठ की डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स, या प्रश्नावर भांडत आले आहेत. स्मिथ पंधरा हंगाम खेळून १८,३५५ यार्ड धावला. सँडर्स दहाच हंगाम खेळला, त्याचे १५,२६९ यार्ड झाले, आणि अंगात बळ असतानाच १९९९ च्या हंगामापूर्वी तो निवृत्त झाला. आकड्याने पाहिले तर स्मिथ पुढे. परंतु सँडर्सचे पक्षपाती म्हणतात की स्मिथच्या पुढे वाट मोकळी करून देणारी डॅलसची फळी त्या काळातल्या उत्तम फळ्यांपैकी एक होती, आणि सँडर्सला मात्र बहुधा आपली वाट आपणच उकरावी लागली. म्हणजे तेथेही कोणीतरी कडेला बसून विचारतेच, की पुढे कोण होते आणि पाठीशी कोण होते.

पाठीशी कोण होते, हा प्रश्नाचा उत्तरार्ध आमच्याकडे पुष्कळदा विसरला जातो, आणि मला तर तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. चढाईपटू एकदा पकडला गेला की तो बाहेर जाऊन बसतो, आणि त्याच्या संघाने प्रतिपक्षाचा गडी बाद करीपर्यंत त्याला आत येता येत नाही. शिवाय जे ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने ते जिवंत होतात. चाळीस मिनिटांच्या सामन्यात बाहेर बसून गेलेली आठ-दहा मिनिटे गुणपत्रकात कोठेच लिहिली जात नाहीत. त्याला परत आणणारा बहुधा कोपऱ्यातला रक्षक असतो, जो घोटा पकडण्यासाठी जमिनीलगत झेपावतो आणि ज्याच्या नावाने पारावर क्वचितच कोणी भांडते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई २०१८ च्या हंगामात यू मुंबाकडून खेळला आणि त्याने चढाईचे २१८ गुण मिळवले. त्या संघाचा कर्णधार डाव्या कोपऱ्यातला इराणी रक्षक फजल अत्राचली होता, ज्याच्या नावावर लीगमध्ये पकडीचे ५०० हून अधिक गुण आहेत. यू मुंबा त्या वर्षी बाद फेरीपर्यंत पोहोचला. पुढल्या हंगामात १ कोटी ४५ लाख रुपये मोजून तेलुगू टायटन्सने सिद्धार्थला घेतले. त्याने तेथेही दोनशेहून अधिक गुण आणले, आणि तरीही तो संघ गुणतक्त्याच्या तळाजवळच राहिला. गडी तोच, दम तोच, खांदेही तेच. मग बदलले काय? कोपरा बदलला, असे माझे उत्तर आहे, आणि कोणी पुरावा मागितला तर हे दोन हंगाम मी शेजारी शेजारी ठेवीन.

पलटणच्या बाजूने बोलणाऱ्यांजवळ याहून सबळ दस्तऐवज आहे. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत अंतिम सामन्यात हरियाणाला २८-२५ असे हरवून पुणेरी पलटणने दहावा हंगाम जिंकला, त्या हंगामात चढाईच्या गुणांत पहिला मान दिल्लीच्या आशू मलिककडे गेला होता. पलटणजवळ कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते असे चढाईचे ओझे वाटून घेणारे गडी होते, आणि एक बाहेर बसला की दुसरा उठत असे. पुढल्याच हंगामात पाटण्याच्या देवांकने चढाईच्या गुणांत तीनशेचा टप्पा ओलांडला, तरी अंतिम सामना हरियाणाने जिंकला. यावरून यू मुंबाच्या पक्षपात्यांनी निरुत्तर व्हावे असे मात्र नाही. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली २०१५ साली त्यांनी चषक जिंकला, आणि घाई न करता बोनस रेषेपर्यंत जाऊन एकेक गुण वेचून आणण्याची अनुपची रीत पाहून आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीने आपली चाल बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

वाशीम ज्या विभागात मोडते त्या अमरावतीस या खेळाचे एक जुने ठाणे आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीस गेले आणि तेथे त्याने कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले. आपल्या गावच्या हुतूतूचा दम परक्या देशात घुमला, या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो.

मुलींच्या चढायांविषयी पारावर अजून पुरेसे भांडण होत नाही, ही मला खुपणारी बाब आहे. वास्तविक अभिलाषा म्हात्रे हिच्यासारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी चढाईपटू महाराष्ट्राने दिली; आणि २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक नेले, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. एका मराठी बाईने परक्या मुलींना आपल्याच चढाया कशा अडवाव्यात हे शिकवले, यावर खरे तर आठवडाभर वाद चालावयास हवा होता.

गेल्या हिवाळ्यात एका गावी सामना पाहत होतो. पाहुण्या संघाचे मैदानावर दोघेच उरले होते आणि गावच्या संघाचे सातही गडी उभे होते. चढाई तिसरी होती. पाहुण्यांचा एक किरकोळ अंगाचा पोरगा आत गेला, निदान रेषेपलीकडे थांबला, डाव्या कोपऱ्याने घोट्यासाठी झेप घेतली तेव्हा त्याने पाय वर उचलला, त्याच पायाच्या अंगठ्याने कोपऱ्यातल्या गड्याच्या खांद्याला शिवला, आणि साखळी मिटण्यापूर्वी मध्यरेषेवर पालथा पडला. हात रेषेपलीकडे पोहोचला होता. मिळाला गुण एकच, आणि सामना पाहुणे हरलेच.

खेळ संपल्यावर नेहमीचा वाद पेटला. गावच्या रेडरने चौदा गुण आणले होते, आणि गावची पोरे ते चौदा पुन्हा पुन्हा मोजून दाखवीत होती. घोंगडीतला म्हातारा त्याच गावचा. त्याने कोणालाच काही विचारले नाही. पाहुण्यांचा तो पोरगा गुडघ्यावरची माती झाडीत जवळून चालला होता, त्याला त्याने ‘ए बाप्पू’ म्हणून हाक मारली, आणि बसण्यासाठी आपल्या घोंगडीची कड मोकळी करून दिली.