खाण लहान, रस्ता मोठा

जमिनीचा प्रश्न म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कसण्याची जमीन येते, आणि ते स्वाभाविकच आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या १९५९ आणि १९६४ च्या सत्याग्रहांनी भूमिहीनांचा पडीक जमिनीवरील हक्क चळवळीच्या केंद्रस्थानी आणला. परंतु जमीन केवळ दुसऱ्याच्या नावावर चढूनच जाते असे नाही. ती मुरूम, दगड आणि खडी होऊन डंपरमधूनही जाते. या दुसऱ्या प्रकाराचा अभ्यास आपल्याकडे फार थोडा झाला आहे, असे मला वाटते.

धरणगावचा डोंगराशी संबंध जुना आहे. खानदेशातील भिल्लांना आवरण्यासाठी इंग्रजांनी १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. डोंगरावर सत्ता कोणाची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. तापीपलीकडे चोपडा, यावल, रावेर तालुक्यांच्या उत्तरेला सातपुड्याचे जंगल आहे. अशा जंगलात खाण येते तेव्हा आधी तिचा रस्ता येतो.

गौण खनिजाची खाण ‘लहान’ म्हणून सुटते. खाण अधिनियम १९५२ मध्येच मुरूम, वाळू, इमारती दगड यांच्या उघड्या खाणीत सहा मीटरपेक्षा खोल खोदकाम नसेल, पन्नासपेक्षा जास्त माणसे नसतील आणि स्फोटके वापरली जात नसतील, तर काही कलमे सोडून बाकीचा कायदा तिला लागू होत नसे. पर्यावरणाच्या बाबतीत पाच हेक्टरांखालचे पट्टे असेच सुटत होते. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी टाळली जाते, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी अशा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली.

तरीही मोजमाप खड्ड्याचे होते, रस्ता हिशेबाबाहेर राहतो. आपण साधे गणित करू. एक हेक्टरची खाण म्हणजे १०,००० चौरस मीटर. तिच्यासाठी दोन किलोमीटर लांब आणि सहा मीटर रुंद रस्ता काढला तर त्याने १२,००० चौरस मीटर जमीन मोडली. म्हणजे रस्ता खाणीपेक्षा मोठा झाला! उतारावर वरच्या अंगाला कापलेली दरड आणि खालच्या अंगाला लोटलेली माती यात धरलेलीच नाही.

हा रस्ता पावसाळ्यात काय करतो? चाकांनी दाबलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. ते चाकोऱ्यांतून वेगाने धावते, चाकोरीची घळ होते आणि गाळ नाल्यात उतरतो. नाल्याकाठचे झिरे आणि खालचे बंधारे गाळाने भरतात. सातपुड्यात खडकावर मातीचा थर अनेक जागी पातळ आहे. एकदा वाहून गेला की तो पुन्हा तयार व्हायला शतके लागतात. नुकसान कोणाचे? ज्याची विहीर नाही, ज्याची शेळी गायरानात चरते, त्याचे.

हे टाळता येते, आणि त्याला फार मोठे यंत्रशास्त्र लागत नाही. एका खाणीला एकच रस्ता असावा. जुनी वाट असेल तर तीच वापरावी. रस्ता सरळ चढवू नये, उताराला आडवा न्यावा. ठराविक अंतरावर आडवे चर आणि मोऱ्या काढून पाणी झाडीत सोडावे, चढ जास्त तिथे चर जवळजवळ घ्यावेत. नाला कमीत कमी ठिकाणी आणि काटकोनात ओलांडावा. भर पावसात वाहतूक बंद ठेवावी. खाणीत वरची काळी माती वेगळी रचून ठेवावी, थोडे क्षेत्र उघडावे, ते भरून माती परत पसरावी आणि मगच पुढे सरकावे. काम संपल्यावर रस्ताही मोडावा: दाबलेली जमीन उकरावी, आडवे चर खणावेत आणि तोंड दगडांनी बंद करावे. रस्ता उघडा राहिला तर त्याच वाटेने लाकूडचोर येतो.

कायद्याचा आधार आहे. १९८० च्या वन कायद्यानुसार वनजमीन वनेतर कामाला वापरायची तर केंद्राची पूर्वमंजुरी लागते, आणि खाणीचा रस्ता हेही वनेतर कामच आहे. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) ने ग्रामसभेच्या शिफारशीवर एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन रस्त्याला देता येते, हेक्टरी ७५ झाडांच्या मर्यादेत. पण ती सवलत शाळा, दवाखाना, पाणी अशा गावाच्या सोयींसाठी आहे. गावाच्या नावाने रस्ता आणि त्यावर डंपर खाणीचे, हे ग्रामसभेने ओळखले पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने गौण खनिजाच्या पट्ट्यासाठी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरील पंचायतीची पूर्वशिफारस बंधनकारक केली आहे. चोपडा, यावल, रावेरमधील काही गावे अशा क्षेत्रात येतात. धरणगाव येत नाही.

खाणी सरसकट बंद करा, असे मी म्हणत नाही. दगड फोडून जगणारा वडार आणि खडीवर रोजाने जाणारा भिल्ल, दलित मजूर यांची चूल तिथेच पेटते. चर खणणे, माती परत पसरणे, रस्ता मोडणे हेसुद्धा मजुरीचेच काम आहे; ते पट्ट्याच्या अटींत लिहिले गेले तर मजुराला काम मिळेल आणि जमीनही राहील. म्हणून पट्ट्याचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी हातात टेप घेऊन जावे. खड्डा मोजावा, रस्ताही मोजावा, आणि दोहोंची बेरीज ठरावात आकड्यांनी लिहून घ्यावी.