समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल वापरताय?

मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर, सरळसोट काँक्रीट, कारला ताशी १२० किमीची मर्यादा. एसयूव्हीतलं क्रूझ कंट्रोल, म्हणजे सेट केलेला वेग आपोआप राखणारी सोय, वापरायला याहून चांगला रस्ता महाराष्ट्रात नाही. (राल्फ टीटर या अमेरिकन अंध इंजिनिअरचं हे डोकं, १९५८ साली ते क्रायस्लरच्या गाड्यांत आलं.)

माझं मत विचाराल तर १२० ऐवजी १०० वर सेट करा. एसयूव्ही उंच आणि चौकोनी, हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. डिझेलचा फरक लगेच दिसतो.

साधं क्रूझ फक्त थ्रॉटल सांभाळतं, ब्रेक मारत नाही. उतारावर जड गाडी सेट वेगाच्या पुढे पळते, म्हणून घाटात ते बंदच ठेवा. पावसातही बंद. पाण्यावर टायर तरंगला तर वेग तिथल्या तिथे सोडता यायला हवा.

‘रिझ्यूम’ बटण जपून दाबा: ट्रकमागे ६० वर असलात तरी गाडी थेट जुन्या १०० कडे झेपावते.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ पुढच्या गाडीशी अंतर राखतं, पण कडेला बंद पडलेला ट्रक अनेक सिस्टिम्सना वेळेत कळत नाही. आणि समृद्धीवर असे ट्रक दिसतातच, त्यामुळे पाय ब्रेकजवळच असू द्या. मांडी घालून बसणारेही पाहिलेत, काय बोलावं!