ऑर्डर ते पाठवणी : गोदामातला माल हातावेगळा कसा होतो

ग्राहकाने ऑर्डर नोंदवली तरी वस्तू गोदामातल्या रॅकवरच असते. नोंदीप्रमाणे नेमकी तीच वस्तू शोधून, बांधून, कागदपत्रांसह वाहतूकदाराच्या ताब्यात देणे हे गोदामाचे काम. मुंबई परिसरात याचे मोठे केंद्र म्हणजे यंत्रमागांचे गाव भिवंडी. ते मुंबई-नाशिक महामार्गावर आणि मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी येईपर्यंत मुंबईची जकात माल हद्दीत नेला तरच भरावी लागे. त्यामुळे बाहेरगावी जायचा माल भिवंडीत ठेवणे परवडत असे.

पैसे जमा झाल्याची किंवा ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची खात्री पटली की ऑर्डर गोदामाकडे सोडली जाते. त्याच क्षणी तेवढा माल तिच्या नावे राखून ठेवावा लागतो. नाहीतर शेवटचा एकच नग दोघांना विकला जातो.

पुढे पिकलिस्ट निघते. तिच्यात रॅक, खण आणि नगसंख्या असते. एकाच बाजूच्या अनेक ऑर्डरी एकत्र काढल्या की कामगाराची पायपीट वाचते. औषधे आणि खाद्यपदार्थ यांत ज्याची मुदत आधी संपते तो नग आधी उचलतात. नग उचलताना बारकोड स्कॅन होतो, त्यामुळे निळ्याऐवजी काळा शर्ट निघाला तर चूक तिथेच कळते.

पॅकिंगमध्ये वजनाइतकेच आकारमानही महत्त्वाचे असते. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार करून अनेक कुरिअर कंपन्या त्याला ५,००० ने भागतात. ४० × ३० × २० सेंटिमीटरच्या खोक्यात एक किलोची उशी असली, तरी या हिशेबाने भाडे ४.८ किलोचे लागते. योग्य मापाचे खोके निवडण्याला म्हणूनच पैशांचे मोल आहे.

खोक्यावरच्या लेबलवर पत्ता, पार्सलचा क्रमांक आणि पिनकोड असतो. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिले तीन वर्गवारीचा जिल्हा सांगतात, तर शेवटचे तीन टपाल कार्यालय. पत्रांसाठी केलेली ही सोय आज खासगी कुरिअरच्या पार्सलांनाही वाट दाखवते.

मालासोबत बिल जाते. परराज्यात जाणारा माल ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा असेल, तर सर्वसाधारणपणे ई-वे बिलही लागते. ही सक्ती १ एप्रिल २०१८ पासून आहे. मालाचा तपशील एका भागात आणि गाडीचा क्रमांक दुसऱ्या भागात भरतात. वाटेत गाडी बदलली तर नवा क्रमांक नोंदवावा लागतो.

शेवटचा टप्पा मॅनिफेस्टचा. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक पार्सलचा क्रमांक या यादीत असतो. गोदामाचा माणूस आणि कुरिअरचा माणूस मिळून नग मोजतात, स्कॅन करतात आणि सही होते. या सहीने पार्सलची जबाबदारी वाहतूकदाराकडे जाते. यादीत शंभर नग आणि गाडीत नव्याण्णव असतील, तर तो फरक सहीपूर्वीच लिहून ठेवावा लागतो. नंतर तो कोणाकडचा हे ठरवणे अवघड होते.

पार्सल पोहोचल्याची पोच आली की ऑर्डर बंद होते. ग्राहकाने ते घेतले नाही, तर परत आलेला माल तपासून, चांगला असल्यास पुन्हा साठ्यात जमा करतात. ही नोंद राहिली, तर वस्तू रॅकवर असूनही विकता येत नाही.