छेदाचं चिन्ह बघितलंत का?

पीएचडी प्रवेश परीक्षेत हमखास फसवणारं गणित: (क्ष + ३)/(क्ष − १) ≥ २. सवयीने आपण छेदाने गुणतो आणि क्ष ≤ ५ लिहून मोकळे होतो. आता क्ष = ० ठेवून बघा. डावी बाजू −३! क्ष − १ ऋण असेल तर गुणताना असमानतेचं चिन्ह उलटतं, तेच आपण विसरलो.

म्हणून गुणू नका. २ डावीकडे आणा: (५ − क्ष)/(क्ष − १) ≥ ०. संख्यारेषेवर १ आणि ५ मांडा, तिन्ही भागांत एकेक किंमत तपासा. ० ला ऋण, २ ला धन, ६ ला ऋण. ५ चालतो, १ ला छेदच शून्य. उत्तर: १ < क्ष ≤ ५.

पुढे संशोधनातही हेच लक्षात ठेवा: ज्या राशीचं चिन्ह ठाऊक नाही, तिने असमानतेला गुणू नका.