दारू, उदासी आणि औषधाची गोळी

दारू वाईट, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. पंचशीलातील पाचवे शील तेच सांगते आणि १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ते आहे. परंतु जो माणूस दारूच्या आहारी गेला, त्याला उपदेशाबरोबर उपचारही लागतो. येथेच पुष्कळ घरांत घोटाळा होतो. डॉक्टर उदासीवरची गोळी लिहून देतात, महिना जातो, दारू तशीच राहते. घरचे म्हणतात, हा काही सुधारणार नाही, आणि उपचार बंद पडतो. दुसऱ्या एखाद्याला मात्र त्याच गोळीने गुण येतो. असे का होते? आम्ही डॉक्टर नाही, बँकेतील कारकून आहोत. पण वाचून जे समजले ते येथे मांडीत आहोत.

व्यसनाचे दोन प्रकार

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट क्लोनिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली स्वीडनमधील दत्तक मुलांच्या नोंदी अभ्यासून व्यसनाचे दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात व्यसन साधारण पंचविशीनंतर लागते. माणूस काळजीखोर असतो, चिंता विसरण्यासाठी पितो आणि मागाहून त्याला अपराधी वाटते. दुसऱ्या प्रकारात व्यसन लहान वयातच जडते. बहुधा बापालाही ते असते आणि मारामारी, पोलीस ठाणे अशी प्रकरणे मागे लागतात. हा प्रकार मुख्यतः पुरुषांत दिसतो. १९९२ साली थॉमस बाबोर यांनी अशीच ‘अ’ (उशिराचा, सौम्य) आणि ‘ब’ (लवकरचा, तीव्र) अशी विभागणी केली. अर्थात प्रत्येक माणूस एकाच खान्यात चपखल बसतो असे नाही.

गोळी कोणाला लागू पडते?

फ्लुओक्सेटिन आणि सर्ट्रालिन ही उदासीवरची प्रसिद्ध औषधे मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्यावर काम करतात. अमेरिकेत दारूच्या रुग्णांपैकी काहींना खरी व काहींना नकली गोळी देऊन त्यांची तपासणी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सर्ट्रालिनने ‘अ’ प्रकारच्या रुग्णांचे पिणे कमी झाले. ‘ब’ प्रकारच्यांना फायदा झाला नाही. त्यापूर्वी १९९६ साली फ्लुओक्सेटिनच्या प्रयोगात तर ‘ब’ प्रकारचे रुग्ण नकली गोळीवाल्यांपेक्षाही मागे राहिले. म्हणून एकाची गोळी दुसऱ्याने मागून घेणे योग्य नाही.

आधी काय, दारू की उदासी?

पुष्कळदा उदासी ही दारूनेच आणलेली असते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, दाखल झालेल्या १९१ पुरुषांपैकी ४२ टक्के अतिशय उदास होते. चार आठवडे दारू बंद राहिल्यावर हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. अशांचे खरे औषध म्हणजे दारू बंद होणे. मात्र उरलेल्यांची उदासी स्वतंत्र आजार असते. तिला गोळी लागते आणि गुण यायला काही आठवडे जातात.

दोन्ही आजार खरे असतील तर दोन्हींवर उपचार हवा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या १७० रुग्णांच्या प्रयोगात सर्ट्रालिनसोबत दारूची ओढ कमी करणारे नाल्ट्रेक्सोन दिले, तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दारूपासून पूर्ण दूर राहिले. एकेकटे औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे चौथा हिस्सा होते.

औषधाबरोबर बोलणेही उपयोगी पडते. शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन प्रकारचे रुग्ण हाताळले : उदासीचे, आणि दारू हानिकारक होऊनही व्यसन पक्के न झालेले. दोघांनाही फायदा झाल्याचे २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले.

घरच्यांनी काय करावे?

बँकेत खाते तपासताना आम्ही प्रथम तारखा पाहतो. येथेही तसेच करावे. पिणे कितव्या वर्षी सुरू झाले, उदासी त्याआधी होती का, दारू बंद असतानाच्या महिन्यांत मन कसे होते, वडील-आजोबांना व्यसन होते का, हे कागदावर लिहून डॉक्टरांना द्यावे. रुग्ण स्वतः हे सांगेलच असे नाही; घरची बाई ते अचूक सांगू शकते. तिला तपासणीला सोबत न्यावे.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. झटके येणे, भ्रम होणे यांतून जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती सोडवावी. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानावर आली तर चार आठवडे थांबू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सोनगीरहून धुळे दूर नाही. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शिवाय २०२२ साली सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

एका गोळीने गुण आला नाही म्हणजे माणूस वाया गेला असे नव्हे. त्याचा प्रकार वेगळा असेल, उपचार बदलावा लागेल. तेवढा धीर आपण सर्वांनी धरावा, हीच विनंती.