प्रोसेसरचं नाव नंतर, खोळंबा आधी

‘प्रोसेसर कोणता घेऊ?’ असं विचारणारे फोन मला बरेच येतात. व्हिडिओ एडिटिंग हा माझा पोटाचा धंदा, आणि रात्री जेवणं उरकली की फ्लाइट सिम्युलेटरमध्ये विमान उडवणं हे व्यसन. काम आणि खेळ एकाच मशीनवर करणारी बाई म्हणून नात्यागोत्यात माझी थोडी ख्याती आहे. पण मी मॉडेलचं नाव लगेच सांगत नाही. तू खोळंबतोस कुठे, हे आधी विचारते. एक्स्पोर्टचा पट्टा सरकताना बघत बसतोस, की ऐन चकमकीत चित्र अडखळतं? दोघांचीही तक्रार ‘कॉम्प्युटर स्लो आहे’ एवढीच असते. आतून मात्र ही दोन निराळी दुखणी आहेत, आणि एकावरचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

पहिलं दुखणं समजायला सोपं. लग्नाची तीन तासांची फिल्म एक्स्पोर्ट करायची, ब्लेंडरमध्ये घराचा थ्रीडी देखावा रेंडर करायचा, शेकडो फायलींचा कोड कंपाइल करायचा, ही सगळी कामं वाटून घेता येतात. चित्राचा एक तुकडा प्रोसेसरच्या या कोअरला, दुसरा त्या कोअरला. कोअर जास्त असले की वेळ कमी लागतो. अगदी दुप्पट कोअरला निम्मा वेळ असं होत नाही, पण फरक घड्याळात दिसतो.

खेळाचं तसं नाही. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेमला जेमतेम सात मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात माउस कुठे हलला ते वाचायचं, गोळी कुणाला लागली ते ठरवायचं, शत्रूंच्या हालचालींचा हिशेब करायचा आणि मग काय काय रंगवायचं याची यादी ग्राफिक्स कार्डाकडे सोपवायची. यातली बरीच पावलं एकामागून एकच टाकावी लागतात. गोळी लागली की नाही ते कळल्याशिवाय माणूस पडला की नाही हे ठरत नाही. म्हणून खेळाचा मोठा भार मेन थ्रेड म्हणतात त्या एका माळेवर पडतो, आणि ती माळ एका वेळी एकाच कोअरवर चालते. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड चालू केला की फ्रेमच्या आकड्याशेजारी ‘लिमिटेड बाय मेनथ्रेड’ अशी पाटी येते. ती झळकत असताना टास्क मॅनेजर उघडावा, तर बहुतेक कोअर निवांत बसलेले. जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने 1967 मध्येच हा हिशेब मांडला होता: कामाचा एक दशांश भाग वाटण्याजोगा नसेल, तर कोअर कितीही ओता, वेग दहा पटींपलीकडे जाणार नाही.

एके काळी हा पेच नव्हता. गिगाहर्ट्झचा आकडा मोठा तो प्रोसेसर चांगला, एवढं दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही पुरायचं. मग उष्णता आडवी आली. 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 आणण्याचा बेत इंटेलने 2004 च्या ऑक्टोबरात सोडून दिला आणि पुढच्या वर्षी बाजारात दोन कोअरच्या चिप दिसू लागल्या. तेव्हापासून जाहिरातींत कोअर मोजले जाऊ लागले. त्यातही गंमत अशी, की 2011 साली एएमडीने ‘आठ कोअर’ म्हणून विकलेल्या बुलडोझर चिपमध्ये दोन-दोन कोअर दशांशाची गणितं करणारा एकच भाग वाटून वापरत. हे खरे आठ का, यावरून अमेरिकेत खटला झाला आणि 2019 मध्ये एएमडीने 1 कोटी 21 लाख डॉलर देऊन तो मिटवला. मात्र 2017 मध्ये याच कंपनीने रायझन आणून बाजार हलवला. त्या जानेवारीत इंटेलचा कोअर आय7-7700के चार कोअर घेऊन आला होता, मार्चमध्ये एएमडीने आठ कोअर समोर ठेवले आणि ऑक्टोबरात इंटेलला आय7 मध्ये सहा द्यावे लागले. आज आपल्याला मधल्या किमतीत जे मिळतं ते या चढाओढीमुळे.

आता कॅशेबद्दल. माझ्या मते खेळणाऱ्याने सगळ्यात आधी समजून घ्यावी अशी गोष्ट हीच, आणि खोक्यावर ती सगळ्यात बारीक अक्षरांत छापलेली असते.

5 गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या कोअरचा एक ठोका 0.2 नॅनोसेकंदाचा. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटीमीटर जातो. कोअरने रॅमकडे काही मागितलं, तर उत्तर यायला साधारण 70-80 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीनशेहून जास्त ठोके. खेळात तर पुढे काय लागेल याचा अंदाज बांधणंही कठीण, कारण खेळाडू कुठे वळेल ते कोण सांगणार? म्हणून लागणारी माहिती चिपवरच्या छोट्या, झटपट साठ्यात, म्हणजेच कॅशेत ठेवतात. फोडणी टाकताना मोहरी-हिंग मिसळणाच्या डब्यात हाताशी असतात आणि बाकीचा किराणा कोठीच्या खोलीत, तसं. डबा मोठा असेल तर तेल तापलेलं टाकून कोठीकडे पळावं लागत नाही.

एएमडीने 2022 च्या एप्रिलमध्ये रायझन 7 5800एक्स3डी आणला तेव्हा नेमकं हेच केलं. 32 एमबी कॅशेच्या चिपवर 64 एमबीचा आणखी एक थर चढवला, एकूण 96 एमबी. कोअर तेच आठ, उलट कमाल वेग साध्या 5800एक्सच्या 4.7 वरून 4.5 गिगाहर्ट्झवर आलेला. तरीही खेळांत तो पुढे गेला आणि रेंडरिंगमध्ये किंचित मागे पडला. काम आणि खेळ यांच्या गरजा किती निराळ्या आहेत, हे दाखवणारं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पुढे 2023 मध्ये 7800एक्स3डी आला. 2024 च्या नोव्हेंबरात आलेल्या 9800एक्स3डीमध्ये तो थर कोअरच्या खाली नेला, त्यामुळे कोअरची उष्णता सरळ कूलरकडे जाते आणि वेगही वाढवता येतो.

दोन्ही हवं असेल तर? पैसा असला की मार्ग आहे. 9950एक्स3डीमध्ये सोळा कोअर आणि वाढीव कॅशेही. पण ती कॅशे आठ-आठ कोअरच्या दोन चिपलेटांपैकी एकालाच आहे, म्हणून खेळ योग्य आठ कोअरवर ठेवण्याचं काम विंडोज, गेम बार आणि चिपसेटचा ड्रायव्हर यांनी मिळून करायचं. ड्रायव्हर टाकायचा राहिला तर महागाची चिप फुकट. इंटेलची वाट निराळी: 2021 च्या बाराव्या पिढीपासून काही कोअर दांडगे, काही छोटे. कोअर आय5-14600के घेतला तर खेळाला सहा मोठे आणि पाठीमागच्या कामांना आठ लहान. मिश्र वापराला ही मांडणी खरंच सोयीची आहे. मात्र तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप चिप वाढीव व्होल्टेजमुळे कालांतराने अस्थिर होत होत्या. इंटेलने 2024 मध्ये त्यावर मायक्रोकोड काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ती चिप घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी बायोस अपडेट करून घ्यावा.

माझ्या टेबलाखाली इंटेलच आहे, कोअर अल्ट्रा 7 265के. खेळांच्या आलेखात तो एक्स3डीच्या खाली असतो, हे मला माहीत आहे. पण माझ्याकडे येणारं फुटेज सोनीच्या कॅमेऱ्यांचं, 10 बिट, 4:2:2, एचईव्हीसीमध्ये दाबलेलं. ते टाइमलाइनवर सुरळीत पळायला इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधलं क्विक सिंक लागतं. रायझनच्या ग्राफिक्सला हा प्रकार उलगडता येत नाही, आणि एनव्हिडियाच्या कार्डांत ती सोय आरटीएक्स 50 मालिकेपासून आली. माझं कार्ड त्याआधीचं. मुंबईच्या दाट इमारतींवरून विमान उतरवताना चित्र जरा जड होतं, ते मी चालवून घेते. नवऱ्यामुलाची वरात टाइमलाइनवर अडखळलेली चालत नाही. याच कारणासाठी एडिटिंग करणाऱ्याने इंटेलच्या नावाशेवटी एफ आहे का ते बघावं. एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स बंद, किंमत थोडी कमी, आणि क्विक सिंक नाही.

कराडच्या बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने यादी पाठवली: कोअर आय9-14900के, त्याला जोडून सगळ्यात स्वस्तातलं ग्राफिक्स कार्ड आणि नाव न ऐकलेला एसएमपीएस. वर, ‘मावशी, चोवीस कोअर आहेत, फ्युचर प्रूफ.’ ही चिप जोरात चालली की 253 वॅटपर्यंत खाते. 600 व्हीएचा घरगुती यूपीएस सगळं मिळून साधारण 360 वॅट देतो, त्यात कार्ड आणि मॉनिटरही भागवायचे. शिवाय कूलर चिपला खोलीच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत चाळीस अंश असतील तर मोजणी तिथूनच सुरू होते. विदर्भातल्या वाचकांना हे मी सांगायला नको.

त्याला विचारलं, खेळतोस काय? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक 2, कधीमधी सायबरपंक. काम? अँड्रॉइड स्टुडिओ आणि कॉलेजचे प्रोजेक्ट. त्याच्या जुन्या मशीनवर एक परीक्षा करायला लावली, ती कुणालाही करता येईल. खेळाचं रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम वाढल्या तर अडसर ग्राफिक्स कार्डाचा, जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसरचा. त्याच्या सायबरपंकमध्ये त्या भराभर वाढल्या. यूट्यूबवरचे आलेख नवा प्रोसेसर कितीतरी पुढे दाखवतात, कारण तपासणारे मुद्दाम सगळ्यात महाग कार्ड आणि कमी रिझोल्यूशन घेतात, म्हणजे प्रोसेसरचा फरक उघडा पडतो. तपासणीला ती रीत बरोबर आहे, पण मधल्या दर्जाचं कार्ड आणि 1440पी मॉनिटर असलेल्या घरात तो फरक बराचसा विरघळतो.

शेवटी त्याच्यासाठी रायझन 5 7600 घेतला. सहा कोअर, 65 वॅट, खोक्यातच कूलर, आणि कार्ड बिघडलं तरी पडदा दिसेल एवढं ग्राफिक्स अंगात. उरलेले पैसे चांगल्या कार्डात, नावाजलेल्या एसएमपीएसमध्ये आणि 32 जीबी रॅममध्ये गेले, कारण अँड्रॉइडचा एम्युलेटर रॅम गिळतो. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे आता नवी जुळणी करणाऱ्याने बेरीज रॅमपासूनच सुरू केलेली बरी. बोर्ड एएम5 सॉकेटचा. त्यावर 2027 पर्यंत आणि पुढेही नवे प्रोसेसर देऊ, असं एएमडीने म्हटलं आहे. आधीच्या एएम4 वर 2017 चे बरेच बोर्ड बायोस बदलून 5800एक्स3डी चालवू शकले, म्हणून या आश्वासनावर माझा बऱ्यापैकी विश्वास आहे. नोकरी लागली की तो एक्स3डी बसवेल.

खरेदी पुण्यात तपकीर गल्लीत करा की मुंबईत लॅमिंग्टन रोडला, बॉक्स पीस मागा आणि पक्कं बिल घ्या. बॉक्सला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. खोक्याविना सुटा मिळणारा ट्रे पीस थोडा स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि विकणारा दोन वर्षांनी त्याच गाळ्यात असेलच असं नाही.

जुळणी झाल्यावर भाच्याला दोन गोष्टी फोनवरून करायला लावल्या. एक, बायोसमध्ये एक्स्पो चालू करणं, कारण 6000 वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर5 रॅम त्याशिवाय बहुधा 4800 वरच चालते. दुसरी, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघणं. 144 हर्ट्झचा मॉनिटर तिथे 60 वर बसलेला होता.